सहासष्ट आकडी प्रश्न, तीन आकडी उत्तर

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण येतं. सन ११५०चा हा ग्रंथ. त्यातल्या एका उदाहरणात शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू अशा दहा वस्तू आहेत. त्या हाताहातांत बदलून धरल्या तर शंकराची किती वेगवेगळी रूपं होतील, असा प्रश्न आहे. उत्तर ३६,२८,८००. लगोलग विष्णूचे चार हात येतात, गदा, चक्र, कमळ आणि शंख घेऊन. त्यांचं उत्तर २४.

यंत्रांच्या कारखान्यात ही दोन्ही उत्तरं रोज सकाळी समोर उभी असतात. लेथपुढे चार जॉब पडले असतील तर ते घेण्याचे २४ क्रम होतात, दहा पडले असतील तर ३६,२८,८००. पण कारखान्यात एकटा लेथ नसतो. भोसरीतलं किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतलं एखादं मध्यम मशीन शॉप डोळ्यांपुढे आणा. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग धरून दहा यंत्रं. हातात दहा जॉब. प्रत्येक जॉब दहाही यंत्रांवरून जायचा आहे, पण प्रत्येकाचा मार्ग वेगळा. शाफ्ट आधी लेथवर चढतो, ब्रॅकेट आधी मिलिंगला जातो. एका वेळी एका यंत्रावर एकच जॉब, आणि एकदा लावलेला जॉब पुरा होईपर्यंत काढायचा नाही. सगळी दहा कामं लवकरात लवकर संपवायची तर कोणत्या यंत्रावर कोणता जॉब कधी घ्यायचा? या प्रश्नाला जॉब शॉप शेड्युलिंग म्हणतात.

पहिल्या यंत्राचे ३६,२८,८०० क्रम. त्यांतल्या प्रत्येकासोबत दुसऱ्या यंत्राचे ३६,२८,८००. मग तिसऱ्याचे, चौथ्याचे. असा दहा वेळा गुणाकार केला की जवळजवळ ४ वर ६५ शून्यं एवढी संख्या येते. सहासष्ट आकडी. भास्कराचार्यांनी दिलेल्या संख्यांच्या नावांत शेवटचं नाव परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्यं. तीन परार्धांचा गुणाकार केला तरी आपण ५१ शून्यांपर्यंतच पोचतो.

ही संख्या किती मोठी आहे ते जरा थांबून पाहू. आजचे सर्वांत वेगवान महासंगणक सेकंदाला १ वर १८ शून्यं एवढ्या क्रिया करतात. त्यांतला एक घेऊ आणि असं धरू की एका क्रियेत तो एक अख्खं वेळापत्रक तपासतो. विश्वाचा जन्म झाला त्या क्षणी, १३.८ अब्ज वर्षांपूर्वी, त्याला कामाला लावलं असतं तर आजवर किती काम झालं असतं? एकूण कामाचे १ वर ३० शून्यं एवढे भाग पाडले, तर त्यांतला जेमतेम एक. दुसरी कल्पना करू. पृथ्वीत १ वर ५० शून्यांच्या घरात अणू आहेत. प्रत्येक अणू हा स्वतंत्र संगणक मानला आणि त्यातल्या प्रत्येकाने सेकंदाला एक अब्ज वेळापत्रकं तपासली, तरी सगळी संपायला महिन्याहून अधिक काळ लागेल. आणि हे दहा जॉबांचं झालं. चालत्या कारखान्यात शेकडो जॉब एकाच वेळी अर्धवट अवस्थेत असतात.

हिशेबात एक दुरुस्ती करायला हवी. या सगळ्या मांडण्या प्रत्यक्षात चालणाऱ्या नसतात. लेथवर शाफ्ट ब्रॅकेटच्या मागे उभा आणि मिलिंगवर ब्रॅकेट शाफ्टच्या मागे उभा, अशी गाठ पडली की दोन्ही यंत्रं एकमेकांची वाट पाहत कायमची थांबतात. अशा गाठी वगळल्या की संख्या खाली येते. म्हणून सहासष्ट आकडी संख्या ही वरची मर्यादा आहे. पण गाठी वगळूनही उरतं ते एक-एक करून तपासण्याच्या पलीकडचंच असतं.

दहा बाय दहाचा असा एक ठरावीक प्रश्न १९६३ साली छापून आला. जॉन म्यूथ आणि जेराल्ड थॉम्पसन यांनी संपादित केलेल्या ‘इंडस्ट्रियल शेड्युलिंग’ या पुस्तकात फिशर आणि थॉम्पसन यांनी तीन प्रश्न दिले होते. सहा बाय सहाचा, दहा बाय दहाचा, आणि पाच यंत्रांवर वीस जॉबांचा. दहा बाय दहाचा प्रश्न म्हणजे फक्त दहा ओळी, प्रत्येक ओळीत यंत्राचा क्रमांक आणि वेळ अशा दहा जोड्या. वहीच्या एका पानावर मावणारा. तो सुटायला २६ वर्षं लागली. या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, संगणक खोलीतून टेबलावर आला, आणि ऑपरेशन्स रिसर्चमधल्या अनेक उत्तम डोक्यांनी या पानावर आपापली पद्धत घासून पाहिली. ९३० एकक वेळात सगळं काम बसवणारं वेळापत्रक १९८४ साली सापडलं. पण ९२९ मध्ये बसणारं वेळापत्रक असूच शकत नाही, हे १९८९ मध्ये झाक कार्लिए आणि एरिक पँसाँ या दोन फ्रेंच गणितज्ञांनी सिद्ध केलं, तेव्हा प्रश्न मिटला.

इतकं वाचल्यावर कुणालाही वाटेल की सहासष्ट आकडी संख्या म्हटल्यावर वेळ लागणारच. मला इथेच थांबवावंसं वाटतं, कारण हा समज चुकीचा आहे. मोठमोठे आकडे सांगून या विषयाची भीती घालणारे पुष्कळ असतात. त्या आकड्यांना अवघडपणाचं माप मानलं की विषयाचा गाभाच हातून निसटतो.

चार जॉब घेऊ. प्रत्येक जॉब आधी लेथवर आणि मग ग्राइंडिंगला जातो. पहिल्याला लेथवर २ तास आणि ग्राइंडिंगला ६ तास लागतात. दुसऱ्याला ७ आणि ३, तिसऱ्याला ४ आणि ५, चौथ्याला ५ आणि १. चौथा, दुसरा, तिसरा, पहिला या क्रमाने घेतले तर सगळं काम संपायला २७ तास लागतात. पहिला, तिसरा, दुसरा, चौथा असे घेतले तर १९. माणसं तीच, यंत्रं तीच, आणि आठ तासांचा, म्हणजे पुऱ्या एका शिफ्टचा फरक.

हा दुसरा क्रम काढण्याची रीत एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ साली दिली. सगळ्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा शोधा. तो पहिल्या यंत्राचा असेल तर तो जॉब रांगेत पुढून लावा, दुसऱ्या यंत्राचा असेल तर मागून लावा. तो जॉब खोडून उरलेल्यांवर हेच पुन्हा करा. संपलं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या आणि मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना हा नियम ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात भेटतो, पाठ होतो आणि विसरला जातो. त्याचं खरं तेज मात्र क्वचितच कुणी दाखवतं. जॉब ६० असतील तर त्यांचे क्रम ८२ आकडी होतात. दिसणाऱ्या विश्वात १ वर ८० शून्यांच्या आसपास अणू आहेत असं मानतात, म्हणजे हे क्रम त्याहूनही जास्त. तरीही कागद-पेन्सिल घेतलेला शाळकरी मुलगा साठ जॉबांचा सर्वोत्तम क्रम एका बैठकीत लावून देईल. ८२ आकडी गर्दीतल्या एकाही क्रमाकडे त्याला पाहावं लागणार नाही.

१९ हेच सर्वोत्तम, हे तरी कशावरून? लेथवरचे चारही जॉब मिळून १८ तासांचे आहेत. लेथवरून जो जॉब शेवटी उतरेल त्याला ग्राइंडिंगला किमान एक तास लागणारच. म्हणून १९ च्या खाली कुणालाच जाता येणार नाही, मग त्याने २४ क्रम पाहिले असोत वा नसोत. एका बाजूला हातात असलेलं वेळापत्रक, दुसऱ्या बाजूला ज्याच्या खाली जाणं अशक्य आहे असा आकडा. दोन्ही जुळले की शोध थांबतो. वेळापत्रकाच्या गणितातलं सगळं बळ या दुसऱ्या आकड्यात, या तळाच्या मर्यादेत आहे.

जॉर्ज डँटझिग यांनी रेषीय नियोजनाची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ साली मांडली. ते एक उदाहरण देत. ७० माणसं, ७० कामं, कुणाला कोणतं काम द्यायचं? पर्याय १०१ आकडी होतात. सगळे तपासू म्हणाल तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. पण हॅरॉल्ड कून यांनी १९५५ मध्ये कोनिग आणि एगरवारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या आधारे जी पद्धत दिली, तिच्या आजच्या रूपात पावलं साधारण ७० च्या घनाच्या प्रमाणात वाढतात. ७० चा घन ३,४३,०००. एवढं काम लॅपटॉप क्षणार्धात करतो.

मग १०१ आकडी प्रश्न चुटकीसरशी सुटतो आणि सहासष्ट आकडी प्रश्न २६ वर्षं खातो, हे कसं? जॉन्सनच्या कारखान्यात दोनाऐवजी तीन यंत्रं ठेवा. सगळे जॉब त्याच क्रमाने, लेथ, मग मिलिंग, मग ग्राइंडिंग. एवढ्याने तो सुंदर नियम कोसळतो. मायकेल गॅरी, डेव्हिड जॉन्सन आणि रवी सेठी यांनी १९७६ मध्ये दाखवलं की तीन यंत्रांचा हा प्रश्न एनपी-पूर्ण या कुळातला आहे. रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली अशा २१ प्रश्नांची यादी दिली होती, तिच्यातही कामांचा क्रम लावण्याचा एक प्रश्न आहेच. या कुळातल्या एकाही प्रश्नाला सर्व प्रसंगी वेगाने चालणारी रीत आजवर सापडलेली नाही. एकाला सापडली तर सगळ्यांनाच सापडेल. दोन यंत्रांच्या प्रश्नात पुढे-मागे असा एकच निर्णय असतो आणि तो प्रत्येक जॉबापुरता स्वतंत्रपणे करता येतो. तिसरं यंत्र आलं की एका जागी वाचवलेला तास दुसऱ्या जागी तीन तास खातो, आणि हे आधी कळत नाही.

आता कार्लिए आणि पँसाँ यांनी काय केलं ते पाहू. दहा बाय दहाच्या प्रश्नात एका यंत्रावर दहा जॉब, म्हणजे जॉबांच्या ४५ जोड्या. दहा यंत्रांवर ४५०. प्रत्येक जोडीला एकच सवाल आहे, दोघांपैकी आधी कोण? ही ४५० उत्तरं ठरली की वेळापत्रक ठरलं. त्यांनी आधी उलट बाजूने धरलं. समजा सगळं काम ९२९ मध्ये बसतं. मग या यंत्रावर पाचवा जॉब आठव्याच्या आधी घेतला तर आठव्याची पुढची कामं ९२९ च्या बाहेर जातात का? जात असतील तर आठवा आधी, हे न निवडताच ठरलं. आठवा आधी आला म्हणून पाचवा उशिरा सुटतो, त्यामुळे पुढच्या यंत्रावर तो आणखी कुणाच्या मागे पडतो, आणि तिथेही एखादं उत्तर आपोआप ठरतं. एक उत्तर दुसऱ्याला ओढून आणतं. साखळी थांबली तरच एखाद्या जोडीवर दोन्ही बाजू धरून पाहायच्या. अशा फांद्या किती झाल्या? सुमारे २२,०००. त्या काळच्या संगणकावर काही तासांचं काम. सहासष्ट आकडी रानातून जाताना २२,००० ठिकाणी थांबून पाहिलं आणि बाकीचं सगळं रान न पाहता खात्रीने बाद केलं. मानवी बुद्धीच्या मोठ्या कर्तबगारींत मी याची गणना करतो.

एका यंत्राकडे पाहून काढलेली तळाची मर्यादा या प्रश्नात ८०८ येते. ८०८ आणि ९३० मधलं अंतर, तेवढ्यात सगळी लढाई झाली.

वरच्या बाजूने चाललेली लढाईही सांगायला हवी. जोसेफ अॅडम्स, एगॉन बालास आणि डॅनियल झावॅक यांनी १९८८ मध्ये एक रीत दिली. ज्या यंत्रावर काम सर्वांत जास्त तुंबतं ते बॉटलनेक यंत्र आधी शोधायचं, त्याचा क्रम नीट लावायचा, मग उरलेल्यांतलं सर्वांत तुंबलेलं घ्यायचं, आणि दर वेळी आधीच्या यंत्रांचे क्रम पुन्हा सुधारायचे. कोणताही अनुभवी सुपरवायझर मनातल्या मनात असंच काहीसं करतो. या रीतीने ९३० काही मिनिटांत हाती आलं. बालास १९२२ साली ट्रान्सिल्वानियात क्लुज शहरी जन्मले. फॅसिस्टांच्या तुरुंगात त्यांचा छळ झाला आणि पुढे कम्युनिस्ट राजवटीनेही त्यांना एकांतकोठडीत टाकलं. गणिताकडे ते तिशी उलटल्यावर वळले. त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की तुंबलेल्या वाटा मोकळ्या करण्याचं गणित त्यांच्या हातून यावं, याचं मला नवल वाटत नाही.

सर्वांत चकित करणारी गोष्ट मात्र यापुढे आहे. एरिक तायार यांनी १९९३ मध्ये ८० नवे प्रश्न मांडले. सर्वांत लहान १५ जॉब आणि १५ यंत्रांचे, सर्वांत मोठे १०० जॉब आणि २० यंत्रांचे. मोठ्यांच्या मांडण्यांची संख्या ३,१६० आकडी आहे. ती नुसती लिहायची तर या लेखाची बरीचशी जागा जाईल. ३० जॉब आणि २० यंत्रांचे प्रश्न त्या मानाने बारके, ६४९ आकडी. आता सांगा, कोणते आधी सुटले असतील? ३,१६० आकडी दहाच्या दहा प्रश्न सुटलेले आहेत. तीस बाय वीसमधल्या कित्येकांचं सर्वोत्तम उत्तर मात्र तीन दशकं उलटल्यावरही कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं.

कारण साधं आहे. शंभर जॉब असले की सर्वांत जास्त भार असलेल्या यंत्रापुढे कायम कुणीतरी उभं असतं. ते यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता चालवता येतं, आणि त्याच्या कामाचे एकूण तास हीच तळाची मर्यादा वेळापत्रकाला जाऊन भिडते. जॉन्सनच्या चार जॉबांत लेथने केलं तेच इथे होतं. जॉब आणि यंत्रं यांची संख्या जवळजवळ सारखी असली की यंत्रं एकमेकांची वाट पाहतात, मधेमधे रिकामी राहतात, आणि हा रिकामा वेळ किती अटळ आहे हे सिद्ध करणं भयंकर कठीण जातं.

यंत्रावर कोण आधी हा एक प्रश्न झाला. महिन्याभरात कोणता माल किती काढायचा, कुठल्या प्लँटमध्ये, किती साठा ठेवायचा, हा त्याच्या वरचा. तो बहुधा रेषीय नियोजनात मांडतात. या वाटेची सुरुवात कारखान्यातच झाली होती. १९३९ साली लिओनिद कँटोरोविच यांनी लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाचा प्रश्न सोडवताना ती पाडली. रेषीय नियोजनात सगळ्या अटी पाळणारे पर्याय मिळून अनेक पैलूंचा एक आकार होतो. डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत या आकाराच्या कडाकडांनी चालते. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असे खास आकार रचून दाखवले की १०० चलांना तिला १ वर ३० शून्यांहून जास्त पावलं टाकावी लागतील. व्यवहारात तसं सहसा होत नाही, पण खात्री गेली. १९७९ मध्ये लिओनिद खाचियान यांनी खात्रीची पद्धत दिली, ती प्रत्यक्षात संथ निघाली. मग १९८४ साली बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या नरेंद्र करमरकरांनी कडा सोडून आकाराच्या पोटातून जाणारी वाट काढली. ती कागदावरही खात्रीची होती आणि संगणकावरही वेगवान. करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. १९७८ चे आयआयटी मुंबईचे पदवीधर, आणि पुढे बर्कलीला वर उल्लेख केलेल्या रिचर्ड कार्प यांचेच विद्यार्थी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. आपल्या शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी असतात. त्यांत करमरकरांची असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्याचा एकत्र परिणाम बर्लिनच्या मार्टिन ग्रोटशेल यांनी एका उत्पादन नियोजनाच्या प्रश्नावर मोजला. १९८८ चा संगणक आणि १९८८ च्या पद्धती घेतल्या तर तो सुटायला ८२ वर्षं लागली असती. २००३ मध्ये तो सुमारे एका मिनिटात सुटला. वेग ४ कोटी ३० लाख पटींनी वाढला. त्यात वेगवान यंत्रांचा वाटा हजारपट होता, पद्धतींचा ४३,००० पट. चिप बनवणाऱ्यांचं कौतुक जगभर झालं. त्यांच्याहून त्रेचाळीसपट वाटा उचलणारी माणसं कागदावर प्रमेयं लिहीत होती.

१९६३ चा तो दहा बाय दहाचा प्रश्न आज साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत सुटतो, पुराव्यासकट. त्यासाठी पैसे लागत नाहीत. गूगलचं ओआर-टूल्स हे सॉफ्टवेअर कुणीही उतरवून घेऊ शकतं.

तरी लहान कारखान्यांत वेळापत्रक फळ्यावर आणि एक्सेलमध्येच लागतं, आणि त्यामागे कारणं आहेत. कास्टिंग उशिरा येतं, टूल तुटतं, ऑपरेटर रजेवर जातो, मोठं गिऱ्हाईक फोन करून आपला जॉब मधे घुसवतं. सकाळी लावलेला सर्वोत्तम क्रम दुपारपर्यंत मोडतो. म्हणून कारखान्याला ९३० च हवं असतं असं नाही. ९४५ चालतं, पाच मिनिटांत पुन्हा लावता येत असेल तर. पण त्या ९४५ च्या शेजारी तळाचा आकडाही हवा. ९२० च्या खाली जाणं अशक्य आहे हे कळलं की आणखी किती ओढाताण फायद्याची, ते दिसतं. हा आकडा मला मालकापेक्षाही कामगाराच्या बाजूचा वाटतो. लेथवर १८ तासांचं काम साचलं असेल आणि दोन शिफ्टच्या १६ तासांत माल गाडीत चढवायचा असेल, तर सुपरवायझरने कितीही आवाज चढवला तरी ते होणार नाही. दुसरा लेथ शोधावा लागेल, दोन तासांचा ओव्हरटाइम द्यावा लागेल, नाहीतर गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवसाची तारीख द्यावी लागेल. आणि हे काम सुरू होण्याआधीच, सकाळी आठ वाजता सांगता येतं.